मुनिमावांचून कीर्द

श्रोतेहो, ज्या कीर्दीला मुनीम नाहीं, तिचा खरेपणा ठरवावा कोणीं? २००९ सालीं सुरू झालेल्या बिटकॉइनच्या कीर्दीची नक्कल हजारों संगणकांवर असते. अटींत बसणारा आंकडा जो आधीं शोधील, त्यानें नवें पान जोडावें. शोध निव्वळ चांचपडण्याचा. वीज अतोनात जळते. पडताळा मात्र क्षणाचा. गणित सोडविण्याहून तपासणें सोपें, हें आम्हां शिक्षकांस ठाऊकच! खोटें पान इतर संगणक नाकारतात. लबाडाची वीज फुकट जाते. खऱ्याला प्रारंभीं ५० नाणीं मिळत. दर २,१०,००० पानांनीं निम्मीं होत होत एप्रिल २०२४ मध्यें तीं ३.१२५ वर आलीं. दोन पानें एकदम निघालीं, तर ज्या शाखेवर अधिक श्रम सांचतात ती सर्वमान्य. म्हणूनच निम्म्याहून अधिक संगणकबळ एकाच्या हातीं गेलें, तर अलीकडे लिहिलेलीं पानेंही तो फिरवूं शकेल.