पुठ्ठ्याची एस.टी.

मोटारींच्या परदेशी प्रतिकृतींची किंमत ऐकून आम्ही दुकानातून मुकाट्याने बाहेर पडलो. मग खोपोली स्थानकात रोज दिसणारी लाल एस.टी. घरीच करायचे ठरले. पहिली गाडी नुसत्या नजरेने बेतली. ती बिस्किटाच्या डब्यासारखी दिसू लागली. धाकटा हिरमुसला. चूक मापाची होती, आणि ती आमची.

1:32 हे प्रमाण सोयीचे. 10 मीटर लांबीची बस 31 सेंटिमीटरची होते, अडीच मीटर रुंदी 8 सेंटिमीटरला थोडी कमी भरते. मीटरभर उंचीचे चाक 3 सेंटिमीटर, म्हणजे पाण्याच्या बाटलीचे झाकण! (हा शोध आजीचा.) खिडक्या रंगाआधी कापाव्यात, काचेचे प्लॅस्टिक रंग वाळल्यावर आतून चिकटवावे. थर्माकोलवर स्प्रेचा रंग मारू नये, तो विरघळतो. आमचे एक छप्पर असेच गेले.

1 जून 1948 रोजी पुणे-अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) मार्गावर धावलेली पहिली एस.टी. लाल नव्हती, निळी-रुपेरी होती. धाकट्याने दुसरी गाडी तशीच रंगवली. पाटी मात्र 'कर्जत-खोपोली' अशीच लावली.