स्पूल अडकला की ऑर्डर अडकते: थ्रीडी प्रिंटरसाठी घरगुती स्टँड

कागलमधल्या घरच्या वर्कशॉपमध्ये बसवलेल्या प्रिंटरचा व्हिडिओ तुम्ही बघितला असेल. त्यात स्टँड घाईघाईत दाखवला, म्हणून मापं इथं नीट लिहून देतो.

आधी मुद्दा समजून घ्या. आपल्या आजूबाजूला शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल-हातकणंगले पंचतारांकित एमआयडीसी आहे. फाउंड्री आणि मशीनशॉपवाल्यांना छोटे पॅटर्न, जिग, गेज लागतातच. अशी एखादी छोटी ऑर्डर मिळाली, रात्री प्रिंट लावून तुम्ही झोपलात. सकाळी बघता तर निम्मा जॉब जाळीसारखा पोकळ! मशीन बिघडलं का? नाही. स्पूल नीट फिरत नव्हता, एवढंच.

होतं काय बघा. एक्स्ट्रूडरची छोटी मोटर फिलामेंट ओढते. स्पूल जड झाला की दातेरी चाक घसरतं, टक-टक आवाज येतो आणि नोझलमधून माल कमी पडतो. थर एकमेकांना नीट चिकटत नाहीत.

आता हिशोब करा. फिलामेंट किलोला हजार रुपये धरा. १८० ग्रॅम वाया गेलं, म्हणजे १८० रुपये गेले. ते सोसता येतं. पण मशीनचे अकरा तास गेले, सकाळची डिलिव्हरी चुकली, आणि पार्टी पुढच्या वेळी दुसरीकडे गेली, तर ते कुठल्या बिलात लिहिणार?

सामान
- ६०८ नंबरचे चार बेअरिंग (आतून ८, बाहेरून २२, जाडी ७ मि.मी.)
- ८ मि.मी.चे आटेवाले दोन रॉड आणि त्यांचे नट
- ३० मि.मी.चे चार रुंद वॉशर
- लाकडाच्या दोन पट्ट्या आणि खाली एक फळी

कृती
१. एक किलोचा स्पूल साधारण २०० मि.मी. व्यासाचा असतो. रुंदी मात्र कंपनीप्रमाणे बदलते, म्हणून आपला स्पूल आधी मोजा.
२. दोन्ही पट्ट्यांना फळीपासून २० मि.मी. उंचीवर, एकमेकांपासून १०० मि.मी. अंतरावर दोन-दोन भोकं पाडा. दोन्ही पट्ट्या एकत्र धरूनच ड्रिल मारा, म्हणजे रॉड तिरके बसणार नाहीत.
३. प्रत्येक रॉडवर दोन बेअरिंग, स्पूलच्या दोन कडांखाली येतील अशी बसवा. बाहेरच्या बाजूला वॉशर लावा, म्हणजे कड घसरत नाही.
४. नट बेअरिंगवर आवळू नका. अर्धा मि.मी. जागा सोडा आणि मागून दुसरा नट लावून लॉक करा. आवळलं की बेअरिंग जाम, सगळी मेहनत पाण्यात!

या पद्धतीचा फायदा असा की स्पूलच्या मधलं भोक केवढंही असो, फरक पडत नाही. स्टँड प्रिंटरच्या डोक्यावर न ठेवता बाजूला टेबलावर ठेवा. डोक्यावरच्या एक किलो वजनाने फ्रेम जास्त हलते.

तपासणी
फिलामेंट दोन बोटांनी ओढा. झटका न बसता आलं पाहिजे. उलट, सोडल्यावर स्पूल आपोआप गरगर फिरत राहिला तर वेटोळी सैल पडून गुंता होतो. मग एका कडेला फोमचा छोटा तुकडा हलकाच टेकवा.

अजून एक. स्पूल काढताना मोकळं टोक कडेच्या भोकात अडकवून ठेवा. ते वेटोळ्याखाली गेलं की गाठ पडते, आणि ती कुठल्याही स्टँडने सुटत नाही.

आपल्याकडे जूनपासून हवा दमट. फिलामेंट ओलावा धरतं आणि प्रिंट करताना चटचट आवाज करतं. हाच स्टँड झाकणाच्या मोठ्या डब्यात बसवा, सिलिका जेलच्या पुड्या टाका आणि फिलामेंट भोकातून बाहेर काढा.

शेवटचं सांगतो. १.७५ मि.मी.च्या पीएलएचा एक किलो म्हणजे साधारण ३३० मीटर. त्यातला प्रत्येक मीटर सुरळीत आला, तरच गिऱ्हाइकाला दिलेला शब्द पाळला जातो. महागडं मशीन नंतर घ्या, आधी असली छोटी अडचण मोडून काढा!