गाडी उंच झाली, पण बळ वाढले काय?

आमच्या वस्तीतील एका तरुणाने गेल्या वर्षी जुनी पिकअप घेतली. थोडी रक्कम आईच्या बचत गटातून, थोडी पत्नीची कानातली फुले मोडून आणि उरलेली फायनान्सच्या हप्त्यावर. हंगामात शेतातले सोयाबीन लातूरच्या अडत बाजारात न्यायचे, एरवी नांदेडला भाजीपाला, सिमेंट, मंडपाचे सामान, जे मिळेल ते भाडे मारायचे. पहिल्याच मोठ्या पावसात गाडी काळ्या मातीच्या पाणंद रस्त्यात पोटावर टेकली. ट्रॅक्टर लावून ओढून काढावी लागली. त्या दिवसाचे भाडे ट्रॅक्टरवाल्यालाच गेले. दुसऱ्या दिवशी तो आमच्याकडे आला. म्हणाला, "काका, स्पेसर टाकून गाडी तीन इंच उचलून घेतो. थोडक्यात काम होतंय. गॅरेजवाला म्हणतो, वजन पण जास्त वढंल."

आम्ही कारकुनी करणारी माणसे. हातात पाना धरणे हा काही आमचा धंदा नव्हे. परंतु आज आपल्या कितीतरी घरांची चूल अशा गाडीवर पेटते. कोणी महात्मा फुले मागासवर्ग विकास महामंडळाच्या बीजभांडवलातून गाडी घेतली, कोणी सावकारी हप्त्यावर. म्हणून जाणत्या मिस्त्रींना विचारले, कायदा वाचला आणि जे समजले ते वाचकांपुढे ठेवीत आहोत.

प्रथम स्पेसर म्हणजे काय ते पाहू. पुढे कॉईल स्प्रिंग असेल तर तिच्या वर किंवा खाली धातूची अथवा कडक प्लास्टिकची जाड चकती बसवतात. मागे पाटे आसाच्या वर बसलेले असतात. तेथे पाटे आणि आस यांच्यामध्ये लोखंडी गुटका ठेवून लांब यू-बोल्टने आवळतात. झाले, गाडीची बॉडी तेवढी वर आली. अमेरिका, ऑस्ट्रेलियात पिकअप अशी उंच करण्याची मोठी हौस आहे आणि त्याचे तयार संच विकत मिळतात. नवे स्प्रिंग-पाटे घेण्यापेक्षा हे काम स्वस्त पडते, हे खरे आहे.

पण बंधूंनो, यात वर काय येते आणि खाली काय राहते ते नीट समजून घ्या. स्पेसरने बॉडी, चेसी आणि हौदा वर जातो. मागचा आस आणि त्याच्या मधोमध असलेला डिफरन्शियलचा गोल डबा जिथल्या तिथेच राहतो, कारण तो चाकांवर उभा आहे. पाणंदीतल्या दोन चाकोऱ्यांमधला मातीचा उंचवटा लागतो तो बहुधा याच डब्याला! तो वर आणायचा तर चाकच मोठे लागेल. कितीही गुटके घातले तरी तो सूतभर उचलत नाही.

दुसरी गोष्ट, गुटक्याने वजन वाहण्याची ताकद वाढत नाही. पाटे तेच, आस तोच, बेअरिंग, ब्रेक आणि टायर तेच. पूर्वी माल जास्त झाला की पाटे बसत, गाडी खाली येई आणि चालकाला समजे, आता पुरे. गुटका घातल्यावर गाडी भरूनही उंच दिसते आणि ती खूण नाहीशी होते. जादा पाटा घातला तर गाडी कमी बसते, परंतु आस आणि ब्रेक मात्र कंपनीने दिले तेवढ्याच बळाचे राहतात.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. पुष्कळ पिकअपना मागच्या बाजूला ब्रेकचा एक व्हॉल्व्ह असतो. एका दांडीने तो आसाला जोडलेला असतो. माल भरला की बॉडी आसाच्या जवळ येते, दांडी हलते आणि व्हॉल्व्ह मागच्या चाकांना जास्त ब्रेक देतो. गुटका घालून हे अंतर वाढवले की व्हॉल्व्हला वाटते गाडी रिकामी आहे. मग भरल्या गाडीला मागचा ब्रेक कमी मिळतो. लोह्याहून अहमदपूरकडे येताना उतारावर समोर अचानक बैलगाडी आली, तर हे गणित कोणाच्या जिवावर बेतेल ते सांगायला नको.

उलटण्याचा हिशोबही करून पाहू. समजा, डाव्या-उजव्या चाकांत १४० सेंटिमीटर अंतर आहे, म्हणजे मध्यापासून बाजूला ७०. भरल्या गाडीचा भारमध्य जमिनीपासून १०० सेंटिमीटरवर आहे. गाडी तीन इंच उचलली तर तो सुमारे १०७ वर जातो. वळणावर उभे राहण्याची गाडीची ताकद शेकडा सहा-सातने घटली. त्यात हौद्यात वऱ्हाडाची माणसे उभी असतील तर भारमध्य आणखी वर जातो. मालगाडीत फुकट बसवून नेलेल्या माणसांची भरपाई विमा कंपनीवर लादता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने आशा राणी खटल्यात २००२ सालीच सांगितले आहे. म्हणजे जीवही जातो आणि भरपाईचा बोजा गाडीमालकाच्या घरावर येतो.

आता कायदा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीतील व कंपनीच्या तपशिलाशी विसंगत असा बदल गाडीत करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये हेच बजावले. २०१९ च्या दुरुस्तीनंतर बेकायदा बदलासाठी मालकाला प्रत्येक बदलामागे ५ हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात. जादा मालाला २० हजार रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला २ हजार. एकदा सापडलो तर कित्येक खेपांची कमाई जाते. तेव्हा स्पेसर घालायचाच असे मनात असेल, तर आधी कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरला आणि आरटीओ कार्यालयात लेखी विचारा. गॅरेजवाल्याच्या तोंडी "चालतंय" या शब्दावर जाऊ नका.

मग गरिबाने करायचे काय? आम्ही त्या तरुणाला म्हटले, आधी टेप आण. गाडी रिकामी करून सपाट फरशीवर उभी केली. प्रत्येक चाकाच्या मध्यापासून वर मडगार्डच्या कडेपर्यंत माप घेतले. मागची डावी बाजू उजवीपेक्षा दोन बोटे खाली निघाली. पाटे खोलले तर एक पाटा तुटलेला, बाकीचे सरळ झालेले, बुश झिजलेले. त्याच्या गाडीला उंची वाढवून नको होती, तिची स्वतःची गेलेली उंची परत हवी होती! तुटलेला पाटा त्याच मापाचा नवा घातला, बाकीच्यांना पुन्हा बाक दिला, बुश आणि यू-बोल्ट नवे टाकले. कंपनीने ठरवलेल्या मापाचे टायर आणि हवा ठेवली. काम झाल्यावर अलाइनमेंट केले आणि आठवड्याने नट पुन्हा आवळून घेतले. यात कायद्याची कुठली अडचण नाही.

कोणी परवानगीने स्पेसर बसवलाच, तर एवढे पाळा. लाकडाचा गुटका किंवा गुटक्यावर गुटका कधीही नको. पुढच्या पाट्यांखाली गुटका नको. दोन्ही बाजूंचे माप एकच असावे. ब्रेकची रबरी नळी ताणली गेली काय, शाफ्टचा क्रॉस तिरका चालतो काय, आणि तो ब्रेकचा व्हॉल्व्ह नव्या उंचीला जुळवला काय, हे पाहिल्याशिवाय माल भरू नका.

आणि भगिनींनो, गाडीचा हिशोब तुम्हीही ठेवा. हप्ता, डिझेल, टायर यांच्यासोबत महिन्याला थोडे पैसे पाट्या-ब्रेकसाठी वेगळे काढा. कानातली फुले मोडून घेतलेली गाडी आहे. ती उंच दिसण्यापेक्षा रात्री सुखरूप घरी येणे मोठे.

शेवटी, चिखल काही गाडीत नाही, तो रस्त्यात आहे. राज्यात २०२१ मध्ये मातोश्री शेत-पाणंद रस्ते योजना सुरू झाली. ग्रामसभेत उठून आपल्या पाणंदीचे नाव यादीत घालायला लावा. पाणंदीवर एकदा मुरूम पडला, तर तो वस्तीतल्या सगळ्याच गाड्यांच्या कामी येईल.