बालकांची वैद्यकीय उपकरणे आणि अमेरिकेतील कायदा

प्रौढ रुग्णाच्या मापाची नळी कातरून आखूड करावयाची, मोठ्या माणसाचा पट्टा दुमडून बांधावयाचा, एका व्याधीसाठी मान्य झालेले साधन दुसऱ्याच कामी लावावयाचे, अशा तडजोडींवर बालरुग्णांचे उपचार वर्षानुवर्षे चालत आले आहेत. बालकाचे शरीर केवळ आकाराने लहान असते असे नव्हे, तर ते दर महिन्याला बदलत असते. दुसऱ्या वर्षी बसविलेले साधन पाचव्या वर्षी अपुरे पडते. शिवाय मूल धावणार, पडणार आणि ते उपकरण पुढे कित्येक वर्षे अंगात वागविणार. प्रौढांवर केलेल्या परीक्षेत यांपैकी कशाचाच उलगडा होत नाही.

मग बालकांसाठी वेगळी उपकरणे कोणी का करीत नाही? याचे उत्तर वैद्यकात नसून व्यापारात आहे. गंभीर आजाराची बालके सुदैवाने थोडी असतात आणि त्यांतही वयागणिक मापे निरनिराळी. कारखानदाराला खर्च पुरा करावा लागतो, पण गिऱ्हाईक मूठभरच. अमेरिकेत १९७६ च्या कायद्याने वैद्यकीय उपकरणांचे धोक्यानुसार तीन वर्ग केले, आणि सर्वांत जोखमीच्या उपकरणांसाठी ती सुरक्षित व परिणामकारक असल्याचा पुरावा मागण्यास आरंभ झाला. नियम योग्यच होता. परंतु जेथे रुग्णच थोडे तेथे एवढा पुरावा जमविणे जवळजवळ अशक्य होते.

ही अडचण ओळखून १९९० साली तेथील काँग्रेसने एक सवलत दिली. वर्षाकाठी ४००० हून कमी लोकांना होणाऱ्या विकारावरील उपकरणाला परिणामकारकतेच्या संपूर्ण पुराव्यातून सूट मिळाली. संभाव्य लाभ धोक्याहून अधिक आहे एवढे दाखविणे पुरेसे ठरले. मात्र या सवलतीला एक अट जोडलेली होती : अशा उपकरणावर नफा घ्यावयाचा नाही, संशोधन, निर्मिती व वितरण यांचा खर्च तेवढा वसूल करावयाचा. अट सद्भावनेची होती यात शंका नाही. पण ज्या दाराने बालकांची उपकरणे आत यावयाची, त्याच दारावर कारखानदाराला परत पाठविणारी ही पाटी लागली.

विलंबाची कथा सॅन अँटोनिओ येथील शल्यचिकित्सक डॉ. रॉबर्ट कॅम्पबेल यांच्या कामावरून कळते. ज्या मुलांच्या बरगड्या व कणा जन्मतः विकृत असतात, त्यांच्या छातीत फुप्फुसांना वाढावयास जागाच उरत नाही. अशांसाठी त्यांनी टायटॅनियम धातूची कृत्रिम बरगडी सिद्ध केली. मूल वाढेल तशी ती छोट्या शस्त्रक्रियांनी लांबविता येते. १९८० च्या दशकाच्या अखेरीस सुरू झालेल्या या कामाला शासकीय मान्यता मिळाली ती २००४ साली. तोवर पहिली मुले वयात आली होती.

२७ सप्टेंबर २००७ रोजी राष्ट्राध्यक्ष जॉर्ज डब्ल्यू. बुश यांनी अन्न व औषध प्रशासनाविषयीच्या एका मोठ्या कायद्यावर स्वाक्षरी केली. त्यातील एक प्रकरण केवळ बालकांच्या उपकरणांना वाहिलेले आहे. सेनेटर ख्रिस्तोफर डॉड हे त्याचे एक प्रमुख पुरस्कर्ते. बालकांसाठीच्या उपकरणांवरील नफाबंदी या प्रकरणाने उठविली, मात्र वर्षाला किती नग विकावेत याची मर्यादा घातली आणि अशा उपकरणांचा दरवर्षी आढावा घेण्याचे काम बालरोगविषयक सल्लागार समितीकडे सोपविले. रोगाचे स्वरूप सारखे असेल तेथे प्रौढांवरील अनुभवाचा आधार घेण्यास मुभा दिली. विक्रीनंतरची पाहणी तीन वर्षांहून अधिक काळ चालविण्याचा अधिकार प्रशासनाला मिळाला. वाढत्या देहाच्या बाबतीत हे कलम कदाचित सर्वांत मोलाचे आहे. संशोधक, अभियंते व उत्पादक यांची गाठ घालून देणाऱ्या संस्थांना अनुदानही ठरले.

या वाटेने आलेल्या उपकरणांत बालकांचे कृत्रिम हृदयसाह्य-यंत्र विशेष लक्षणीय आहे. बर्लिन येथे बनलेला हा पंप शरीराबाहेर राहून, हृदयरोपणाची वाट पाहणाऱ्या बालकाचे रक्त खेळते ठेवतो. सर्वांत लहान पंपात अवघे १० मिलिलिटर रक्त मावते. डिसेंबर २०११ मध्ये त्याला मान्यता मिळाली. तोपर्यंत रुग्णालयांना एकेका मुलासाठी विशेष परवानगी काढावी लागे. परीक्षेतील ४८ मुलांपैकी सुमारे २९ टक्क्यांना मेंदूचा झटका आला, ही गोष्टही झाकून ठेवण्यासारखी नाही. परंतु ज्यांना हे यंत्र मिळाले नसते, त्यांच्यापैकी बहुतेकांपुढे मृत्यू उभा होता. पुरेसा अनुभव जमल्यावर २०१७ साली त्याला पूर्ण मान्यता देण्यात आली.

४००० ची मर्यादाही २०१६ साली ८००० वर गेली.

तथापि कायद्याच्या व्याख्येत एक गोम राहून गेली आहे. उपकरणांच्या बाबतीत एकवीस वर्षांपर्यंतचा रुग्ण ‘बालक’ समजला जातो. त्यामुळे अठरा ते एकवीस या वयासाठी मान्य झालेले साधनही बालकांच्या खात्यात जमा होते. २००८ ते २०११ या काळात बालकांसाठी म्हणून मान्य झालेल्या जोखमीच्या उपकरणांचा अभ्यास २०१४ साली प्रसिद्ध झाला, तेव्हा त्यांतील बहुतेकांच्या परीक्षांत अठरा वर्षांखालील एकही रुग्ण नव्हता असे आढळले. कागदोपत्री संख्या वाढली, पण पाळण्यातल्या मुलाला लागणारी आखूड नळी अजूनही पुष्कळदा कातरूनच घ्यावी लागते.