लाल मुंगीचं आम्ल आकाशगंगेत!

लाल मुंगी कडकडून चावली की कशी आग होते, ठाऊक आहे ना? तिच्या अंगात फॉर्मिक आम्ल असतं. आता गंमत ऐका. तेच आम्ल आकाशगंगेच्या मध्याजवळच्या एका ढगातही आहे! ढगाचं नाव सॅजिटेरियस बी-२, अंतर सुमारे २६ हजार प्रकाशवर्षं. तिथे मुंग्याबिंग्या नाहीत हं! हा ढग वायूचा आणि धुळीचा. धूळ इतकी, की साध्या दुर्बिणीला आतलं काही दिसत नाही. रेडिओ लहरी मात्र आरपार येतात.

पण एवढ्या दुरून रेणू ओळखायचा कसा? ढगातले रेणू भोवऱ्यासारखे गरगरत असतात. भोवरा हळूहळू मंदावतो. रेणूला मात्र ठरावीक वेगच चालतात, अधलंमधलं काही नाही! वरच्या वेगावरून तो खालच्या वेगावर आला की रेडिओ लहर सोडतो. तिची वारंवारता ठरलेली. रेणू बदलला की वारंवारताही बदलली.

शास्त्रज्ञ आधी प्रयोगशाळेत एकेका पदार्थाच्या वारंवारतांची यादी करतात. मग आकाशातून आलेल्या लहरी तिच्याशी ताडून पाहतात. एखादी काय, योगायोगानेही जुळेल! बऱ्याच जुळल्या, तरच ‘सापडला’ म्हणायचं.

अमेरिकेत ग्रीन बँकला मोठमोठ्या रेडिओ दुर्बिणी आहेत. तिथे दुर्बिणीजवळ डिझेलच्याच गाड्या चालतात. पेट्रोलच्या इंजिनात ठिणगी पडते आणि तिच्यातूनही रेडिओ लहरी निघतात! आकाशातून येणाऱ्या लहरी इतक्या क्षीण, की ही ठिणगीसुद्धा त्यांना झाकून टाकेल. इथल्याच दुर्बिणीला १९६९ मध्ये अंतराळात फॉर्माल्डिहाइड सापडलं. प्रयोगशाळेतल्या बरण्यांत बेडूक ठेवतात ना, त्या फॉर्मॅलिनमधलंच हे! ताऱ्यांचे अतिनील किरण असे रेणू मोडून टाकतील, असं पूर्वी अनेकांना वाटायचं. पण ढगातली धूळच रेणूंना आडोसा देते. पुढे सॅनिटायझरमधलं अल्कोहोल सापडलं, रासबेरीच्या स्वादातलं इथाइल फॉर्मेटही सापडलं. आता अंतराळात सापडलेल्या वेगवेगळ्या रेणूंची संख्या तीनशेच्या वर गेली आहे.

आणि ग्लायसीन? प्रथिनं ज्यांची बनतात, त्या अमिनो आम्लांतलं हे सगळ्यात लहान. २००३ मध्ये ते अशा ढगांत सापडल्याचं जाहीर झालं. इतरांनी यादी पुन्हा तपासली, तर ज्या वारंवारता दिसायलाच हव्या होत्या, त्यातल्या काही गायब! दावा बारगळला. धूमकेतूंवर ग्लायसीन मिळालंय. ढगातल्या ग्लायसीनची यादी जुळणं मात्र अजून बाकी आहे.