डबा उघडता येतो का?

डाऊन सिंड्रोम असलेल्या मुलाला शाळेत घालायचं ठरलं की घरात पहिली खरेदी होते ती पाटी, अंकलिपी आणि रंगीत खडूंची. आईबाबांची सगळी धास्ती अक्षरांभोवती असते. याला अ-आ-इ येत नाही, दहापर्यंत आकडे म्हणता येत नाहीत, मग शाळा घेणार कशी? शाळेतल्या बाईंना विचारलं तर त्यांची काळजी वेगळीच निघते. शू लागली तर सांगेल का? वर्गातून पळून जाईल का? डबा कोण भरवणार? चाळीस मुलांचा वर्ग सांभाळणाऱ्या बाईंना या प्रश्नांची उत्तरं आधी हवी असतात, आणि माझ्या मते त्यांचं बरोबरच आहे. अक्षरं शिकवणं हे शाळेचं काम. शाळेत दिवस काढता येणं, ही घरून करून द्यायची तयारी.

जूनची शाळा सात-आठ महिन्यांवर असतानाच ही तयारी सुरू करावी. एवढा वेळ पुरेसा आहे, पण त्यातला एकही महिना वाया घालवण्यासारखा नाही.

डाऊन सिंड्रोम म्हणजे शरीरातल्या पेशींमध्ये २१व्या गुणसूत्राच्या दोनऐवजी तीन प्रती असणं. जॉन लँगडन डाऊन या इंग्रज डॉक्टरांनी १८६६ मध्ये त्याची लक्षणं नोंदवली. कारण मात्र १९५९ मध्ये पॅरिसमधल्या संशोधकांमुळे कळलं. साधारण सातशे ते हजार जन्मांमागे असं एक मूल जन्माला येतं. यात आईचं काही चुकलेलं नसतं, हे अजूनही कितीतरी घरांत ठणकावून सांगावं लागतं. वर्गाच्या दृष्टीनं तीन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. स्नायू ढिले असल्यानं बोटांत जोर कमी असतो. ऐकू कमी येण्याची शक्यता मोठी असते. आणि नुसतं ऐकलेलं डोक्यात धरून ठेवणं या मुलांना जड जातं, पाहिलेलं मात्र चांगलं लक्षात राहतं.

आता छोट्या सुट्टीत काय होतं ते बघा. घंटा होते, मुलं डबे काढतात. हात धुणं, खाणं, पाणी पिणं, शू करून येणं सगळं दहा-पंधरा मिनिटांत उरकायचं असतं. घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा ढिल्या बोटांना दाद देत नाही. मूल तो मांड्यांत धरतं, झाकणाच्या कडेला नखं लावतं, जोर करून ओढतं आणि झाकण एकदम सुटून पोहे बाकाखाली सांडतात. दुसऱ्या दिवसापासून शेजारची मुलगी डबा उघडून देऊ लागते, पुढे घासही भरवू लागते. थोड्याच दिवसांत वर्गात ठरून जातं की हे आपल्यातलं बाळ आहे. एकदा लागलेली ही ओळख पुसणं फार कठीण असतं.

म्हणून शाळेत न्यायचा डबा आत्ताच घ्यावा आणि संध्याकाळचा खाऊ रोज त्यातूनच द्यावा. शिकवताना सुरुवात शेवटाकडून करावी. आधी झाकण तुम्ही सैल करून ठेवा, मुलानं ते फक्त उचलायचं. ते सहज जमलं की झाकण जरा घट्ट लावा, आणि मग हळूहळू पूर्ण लावलेलं झाकण त्याच्या हाती द्या. काम दर वेळी त्याच्याच हातून पुरं होतं, त्यामुळे मूल कंटाळत नाही. चड्डी, बूट, दप्तराची चेन यांनाही हीच रीत लागू पडते. गणवेशाच्या चड्डीला हुकाऐवजी इलॅस्टिक आणि बुटांना नाडीऐवजी वेलक्रो चालेल का, हे शाळेला आधीच विचारून ठेवावं.

शू-शीचा प्रश्न याहून नाजूक. घरी सवय पक्की असलेलं मूलही शाळेत बिचकतं, कारण तिथलं स्वच्छतागृह लांब असतं, ओलं असतं आणि मोठ्या मुलांनी भरलेलं असतं. परवानगी घेऊन सुट्टीच्या दिवशी दोन-चारदा तिथे नेऊन आणावं. बोलणं स्पष्ट नसेल तर शू, पाणी, मदत आणि ‘पुरे’ एवढ्या चार गोष्टींसाठी हाताच्या खुणा ठरवाव्यात. त्या बाईंनाच नव्हे, शाळेतल्या मावशींनाही दाखवून ठेवाव्यात. अडचणीच्या वेळी बहुधा त्याच जवळ असतात. खुणा शिकवल्या तर मूल बोलणार नाही, ही भीती निराधार आहे. खुणेनं काम होतंय हे कळलं की बोलण्याची उमेदही वाढते.

वैद्यकीय तपासण्याही याच काळात उरकून घ्याव्यात. जवळजवळ निम्म्या मुलांना जन्मतः हृदयदोष असतो, त्याची माहिती घरी असतेच. थायरॉइड आणि डोळे यांची तपासणी मात्र राहून जाते, आणि सर्वांत जास्त राहतात ते कान. या मुलांच्या कानाच्या पडद्यामागे चिकट पाणी साठून राहण्याचं प्रमाण मोठं आहे. सर्दी झाली की ते वाढतं. आपल्याकडे शाळा नेमकी पावसाच्या तोंडावर उघडते, पहिल्या महिन्यात अख्खा वर्ग शिंकत असतो, आणि तेव्हाच बाईंची तक्रार येते की हा सांगितलेलं ऐकतच नाही. बऱ्याचदा त्याला खरोखरच ऐकू आलेलं नसतं. श्रवण तपासणी उन्हाळ्यात एकदा आणि जुलैत पुन्हा करावी. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात डाऊन सिंड्रोमचा समावेश आहे, त्यामुळे जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रात तपासण्या मोफत होतात. राष्ट्रीय न्यासाच्या निरामय विम्यातून वर्षाला एक लाखापर्यंतचा खर्च मिळू शकतो आणि त्यात थेरपीचाही समावेश आहे.

शाळेला आणखी एक गोष्ट लेखी द्यावी. काही मुलांत मानेच्या वरच्या मणक्यांचा सांधा सैल असतो, म्हणून डॉक्टरांना विचारल्याशिवाय कोलांटउड्या नकोत. मान दुखणं, मान एका बाजूला धरणं, चाल बदलणं, सुटलेली अंथरूण ओलं करण्याची सवय परत येणं यातलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावं.

अक्षरांबद्दलही थोडं सांगायलाच हवं, कारण तिथे आशेला भक्कम आधार आहे. १९८०च्या सुमारास इंग्लंडमधल्या एका वडिलांनी मानसशास्त्रज्ञ स्यू बकली यांना पत्र लिहून कळवलं की डाऊन सिंड्रोम असलेली आपली मुलगी तिसऱ्या वर्षापासून वाचायला शिकते आहे. तिथून सुरू झालेल्या संशोधनातून दिसलं की यातली बरीच मुलं अख्खा शब्द चित्रासारखा ओळखतात आणि वाचनाच्या आधारानं त्यांचं बोलणंही सुधारतं. मराठीत हे घरी सहज करता येतं. आई, दादा, दूध, बस असे ओळखीचे, जोडाक्षर नसलेले शब्द मोठ्या ठळक अक्षरांत पुठ्ठ्यावर लिहावेत आणि सोबत घरातलेच फोटो ठेवावेत. आधी जोड्या लावणं, मग सांगितलेला शब्द उचलून देणं, मग स्वतः म्हणणं. अंकगणित मागे राहतं, त्याची घाई करू नये. लिहिण्यासाठी लांब पेन्सिलीपेक्षा खडूचा बोटभर तुकडा बरा. तो मुठीत धरता येत नाही, आपोआप चिमटीत येतो. घरी मराठी आणि शाळेत इंग्रजी झालं तर मूल गोंधळेल, असा सल्ला अनेकांना मिळतो. दोन भाषा ऐकल्यानं या मुलांचं नुकसान होत नाही, असंच अभ्यास सांगतात. तरी घराजवळची, घरच्या भाषेतली शाळा मिळत असेल तर मी तीच निवडायला सांगेन. गल्लीतली मुलं वर्गात असतात, हा फायदा कुठल्याही सुविधेपेक्षा मोठा आहे.

शाळा ‘नाही’ म्हणाली तर? शिक्षण हक्क कायद्यानुसार प्रवेशासाठी मुलाची किंवा पालकांची चाळणी लावता येत नाही. लावली तर पहिल्या वेळी पंचवीस हजार आणि पुढे प्रत्येक वेळी पन्नास हजार रुपयांपर्यंत दंड आहे. २०१२च्या दुरुस्तीनं दिव्यांग मुलं वंचित घटकांत आली, त्यामुळे खासगी शाळांतल्या २५ टक्के राखीव जागांसाठी त्यांना अर्ज करता येतो. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ नुसार चाळीस टक्के वा अधिक दिव्यांगत्व असलेल्या मुलाला वयाच्या ६ ते १८ वर्षांपर्यंत जवळच्या शाळेत किंवा स्वतः निवडलेल्या विशेष शाळेत मोफत शिकण्याचा हक्क आहे. यासाठी दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र, लागतं. ते डाऊन सिंड्रोमच्या नावावर नाही, बौद्धिक दिव्यांगत्वाखाली मिळतं. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं प्राथमिक स्तरावर दर दहा विशेष गरजांच्या मुलांमागे एक आणि पुढच्या इयत्तांत दर पंधरा मुलांमागे एक विशेष शिक्षक असं प्रमाण घालून दिलं. प्रत्यक्षात शिक्षक कमी आहेत आणि एका विशेष शिक्षकाकडे अनेक शाळा असतात. तरी गटसाधन केंद्रात जाऊन मुलाचं नाव नोंदवून यावं, कारण नोंद नसलेल्या मुलासाठी कोणीच येत नाही.

कायद्यानं दार उघडतं, आतलं वर्ष मात्र बाईंच्या हातात असतं. त्यांना जाडजूड फाइल देऊ नका, एक पान द्या. मुलाला काय आवडतं, कशानं ते बिथरतं, खुणा कोणत्या, हट्टानं खाली बसकण मारली तर काय करायचं. (ओढायचं नाही. पुढे काय आहे त्याचं चित्र दाखवायचं आणि थोडं थांबायचं.) सूचना एका वेळी एकच आणि दाखवून द्यायला सांगा. बाक उंच असेल तर पाय लोंबकळतात आणि ढिल्या स्नायूंचं मूल पाच मिनिटांत घसरतं. पायाखाली एक पाट आला की बसणं आणि लिहिणं दोन्ही सुधारतं. वर्गातल्या मुलांनी त्याला उचलून घ्यायचं नाही, गाल ओढायचे नाहीत, हा नियम पहिल्या दिवसापासून हवा. आणि त्याला दर वर्षी मागच्या वर्गात ठेवू नका. आपल्या वयाच्या मुलांचं बघूनच ते वागायला शिकतं. लहानांत ठेवलं तर लहानासारखं वागतं.

काही शाळा सुचवतात की सुरुवातीला दोन तासच पाठवा किंवा सोबत मदतनीस द्या. दोन्हीला हरकत नाही, फक्त मुदत लेखी ठरवून घ्यावी. नाहीतर दोन तासांचे दोन तासच राहतात, आणि मदतनीस मूल आणि वर्ग यांच्या मध्ये बसून राहते.

जुलैत गाडी थोडी मागे जाईल. घरी येऊन मूल आडवं होईल, चड्डी ओली होईल, चिडचिड वाढेल. त्याला शाळा झेपत नाही, असा निष्कर्ष त्या महिन्यात काढू नये. कान तपासावेत, झोप वाढवावी आणि दर शनिवारी बाईंना एकच प्रश्न विचारावा, की या आठवड्यात त्यानं आपलं आपण काय केलं. उत्तर येईल तेच पुढच्या आठवड्यात घरीही त्याला स्वतः करू द्यावं.