पाऊस 25 टक्के कमी, पाणी 49 टक्के कमी

वऱ्हाडातील वाशीम जिल्ह्याच्या कारंजा लाड परिसरात 800 मिमीऐवजी 600 मिमी पाऊस झाला, तर पावसाची तूट 25 टक्के. नदीनाल्यांतून वाहून येणाऱ्या पाण्याची, म्हणजे अपधावाची, तूट मात्र 49 टक्के.

हा हिशेब इंग्लिस आणि डिसूझा यांच्या 1929 च्या सूत्राचा. पश्चिम भारतातील 53 ठिकाणांच्या मोजणीवरून त्यांनी दख्खनच्या पठारासाठी ते बसवले. पाऊस सेंटिमीटरमध्ये घ्यायचा, त्यातून 17.8 वजा करायचे, उरलेल्याला पावसानेच गुणून 254 ने भागायचे. 800 मिमीला अपधाव 196 मिमी येतो, 600 मिमीला 100 मिमी. पाऊस 1,000 मिमीवर गेला तर 324 मिमी. म्हणजे पाऊस 25 टक्के जास्त, पाणी 65 टक्के जास्त. वऱ्हाडासाठी हा अंदाज आहे, मोजमाप नव्हे.

100 चौरस किमीच्या पाणलोटात 800 मिमी पाऊस म्हणजे 8 कोटी घनमीटर पाणी. त्यातले 1.96 कोटी वाहते; 6.04 कोटी जमीन, पीक आणि हवा घेतात. 600 मिमीच्या वर्षी वाहणारे पाणी 1 कोटीवर येते, उरलेला वाटा 5 कोटींवर. जमीन-पीक-हवेची कपात 17 टक्के, नदीची 49 टक्के. तुटीचा मोठा भार नदीवर पडतो, कारण तिचा वाटा शेवटी निघतो.

मुंबई इलाख्यातील अभियंता स्ट्रेंज यांची कोष्टके याहून जुनी. ती पाणलोटाचे चांगले, मध्यम आणि खराब असे तीन वर्ग करतात. 800 मिमीला अपधाव अनुक्रमे 28, 21 आणि 14 टक्के येतो, म्हणजे 224, 168 आणि 112 मिमी. पाऊस तोच, पाणी दुप्पट किंवा निम्मे. मध्यम वर्गात पाऊस 600 मिमीवर आला की घट येथेही 49 टक्केच.

दोन्ही पद्धती हंगामाची बेरीज पाहतात, पाऊस कसा पडला हे पाहत नाहीत. महसूल मंडळात 24 तासांत 65 मिमी पाऊस झाला की अतिवृष्टी धरतात. एका दिवसाच्या पावसावरून अपधाव काढणाऱ्या वक्र क्रमांक पद्धतीत काळ्या जमिनीसाठी क्रमांक 80 आणि प्रारंभिक शोषण साठवण क्षमतेच्या एक दशांश धरले, तर त्या एका दिवसात 28 मिमी पाणी वाहते. तेच 65 मिमी पाच दिवसांत रोज 13 मिमी पडले, तर जमिनीची आधीची ओल तीच धरून एकूण 3 मिमी. नोंदवहीत दोन्हींची बेरीज सारखी, नाल्यात नऊपट फरक.

जिल्ह्याच्या सरासरीतही अडचण आहे. कारंजा भागातील बेंबळा वर्धेला आणि अडाण पैनगंगेला मिळते. दोन्हींचे पाणी गोदावरी खोऱ्यात जाते. त्याच वाशीम जिल्ह्यातली काटेपूर्णा पूर्णेमार्गे तापीत जाते. केंद्रीय जल आयोगाच्या 1993 च्या अंदाजानुसार गोदावरीचे वार्षिक पाणी 11,054 कोटी घनमीटर, तापीचे 1,488 कोटी. खोऱ्याच्या क्षेत्रफळाने भागले तर गोदावरी खोऱ्यात या पाण्याची सरासरी खोली 353 मिमी, तापी खोऱ्यात 228 मिमी. त्यामुळे जिल्ह्याचा एकच टक्का कोणत्याही एका धरणाचा येवा, म्हणजे त्यात येणारे पाणी, सांगत नाही.

येवा आला तरी तो पूर्ण टिकत नाही. बाष्पीभवन मोजण्याच्या पात्रात दिवसाला 10 मिमी घट झाली, तर 0.7 गुणांकाने तलावातून 7 मिमी जाते. एक चौरस किमी जलपृष्ठावर ते दिवसाला 70 लाख लिटर होते. जलजीवन मिशनच्या माणशी 55 लिटरच्या मापाने ही 1 लाख 27 हजार माणसांची एका दिवसाची गरज.

राज्यात पाणीवाटपाचे नियोजन 15 ऑक्टोबरच्या साठ्यावर होते. पाऊस 75 टक्के झाला म्हणून त्या दिवशी 75 टक्के साठा धरला, तर वरच्या हिशेबाने गृहीत धरलेल्या पाण्यातले सुमारे एक तृतीयांश मुळात आलेलेच नसते.